घोंगडीतलं कोकरू

माझे आबा एका सिनेमापायी मरता मरता वाचले, असं मी सांगते तेव्हा ऐकणारा आधी हसतो. मला त्या हसण्याचा राग येतो, पण मी तो गिळते. सुरुवातीला आम्हीही हसतच होतो. सगळं गाव हसत होतं, आणि सगळ्यात जास्त आबा.

आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं, राजूरच्या बाजूचं. आम्ही धनगर. गावाच्या कडेला आमची चार-पाच घरं, मागं मेंढ्यांचे वाडे. दिवाळी झाली की आबा कळप घेऊन खाली गोदावरीच्या अंगाला उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. वाटेतले शेतकरी बोलावून घ्यायचे. मेंढ्या रात्रभर रानात बसवायच्या, लेंड्यांचं खत त्या रानाला मिळायचं, आणि सकाळी शेतकऱ्याची बायको सुपात ज्वारी घेऊन यायची. ह्याला कागद नाही, साक्षीदार नाही. परक्या माणसाला आपल्या रानात झोपू द्यायचं आणि आपण घरी निवांत झोपायचं, एवढा विश्वास त्यात लागतो. आमचं सगळं पोट त्या विश्वासावर होतं, हे मला फार पुढं कळलं.

मी पाचवीत असेन तेव्हा गावात सिनेमावाले आले. निजामाच्या काळातल्या एका थोर घराण्याची गोष्ट होती. तिघं भाऊ, सोशीक थोरली सून, तिचं नवसाचं बाळ. बारशाच्या दिवशी दरोडा पडतो, दरोडेखोर बाळ पळवतात, घर मोडतं, आणि वीस वर्षांनी बाळ मोठं होऊन परत येतं. सगळ्या घरानं मिळून बघावा आणि मिळून रडावं असा कौटुंबिक सिनेमा. गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्यानं आपली माडी त्यांना वापरायला दिली आणि महिनाभर गावात कुणाचं कामात लक्ष राहिलं नाही.

गर्दीतली माणसं गावातूनच घ्यायची होती. शाळेच्या मैदानात सगळे जमले. सिनेमावाल्यांचा एक चष्मेवाला पोरगेला माणूस खुर्ची टाकून बसला होता. तो एकेकाला बघायचा आणि बोट करायचा: तुम्ही इकडं, तुम्ही तिकडं. त्यानं कुणाला जात विचारली नाही, हे मी कबूल करते. त्याला विचारायची गरजच पडली नाही. इकडं उभे राहिले त्यांना फेटे, रेशमी काठाची उपरणी आणि बारशाचं जेवण मिळालं. तिकडं उभे राहिले त्यांना काठ्या, पलिते आणि तोंडाला फासायला काजळी. आम्ही सगळे धनगर तिकडं. आमची घोंगडी बघून तो चष्मेवाला तर खूश झाला. “ही अशीच राहू द्या, काढू नका,” म्हणाला. गावातला मुसलमान शिंपी, ज्यानं पंचक्रोशीतल्या नवरींच्या चोळ्या शिवल्या, त्याची दाढी बघून त्याला जुलमी अंमलदार केलं. खालच्या आळीतल्या बायांना पाणी भरायला लावलं, आणि त्याही पाठमोऱ्या. एकीचंही तोंड सिनेमात नाही.

वाईट कुणालाच वाटलं नाही. शिंपी तर अंमलदाराचा चाबूक हातात घेऊन घरोघर मिरवून आला. आणि आमच्या आबांना सगळ्यात मोठं काम मिळालं: बाळ घेऊन पळायचं.

बाळ त्याच माडीतल्या सुनेचं होतं, तीन-चार महिन्यांचं. पाळण्यातलं चित्रण झालं. पण आबांच्या हातात द्यायची वेळ आली तेव्हा बाळाची आजी आडवी झाली. “असल्या मानसाच्या हातात आमचं लेकरू? सिनेमा असू दे न्हाई तर काही बी असू दे, बिलकुल न्हाई,” असं ती आबांच्या तोंडावर म्हणाली. ह्याच आबांनी तिच्या रानात कैक वर्षं मेंढ्या बसवल्या होत्या. आबा नुसते मिशीत हसले. मग बाहुली आणली, पण ती घोंगडीत लाकडासारखी पडायची. सिनेमा काढणारा साहेब चिडला, ऊन कलायला लागलं, आणि तेव्हा आबांना ती अक्कल सुचली.

“कोकरू घालू का आत?” आबा म्हणाले. “हालंल, पाय झाडंल. बराबर लेकरावानी दिसंल.”

आमच्यात नवं कोकरू घोंगडीतच आणतात. मेंढी वाटेत व्याली की कळप थांबत नाही. घोंगडीच्या एका टोकाची झोळी करून छातीशी बांधायची, त्यात ओलं कोकरू, आणि मागून त्याची आई वास घेत, ओरडत येते. आबांनी अशी शेकड्यानं कोकरं आणली असतील. त्याचा एक नेमही होता. आज जन्मलेलं कोकरू परक्याला दाखवायचं नाही, आणि तिन्हीसांजेला तर घोंगडी उघडायचीच नाही. नजर लागते, कोकरू रात्रीतून ताठ होतं. ह्या नेमापुढं आबा देवाचंही ऐकत नसत. सिनेमावाल्यांनाही त्यांनी आधी सांगून टाकलं, “हे आठ-धा दिसाचं हाय म्हून देऊन राह्यलो. आजचं असतं तर तुमचा सिनेमा बंद पडला असता तरी दिलं नसतं.”

माडीच्या दारातून आबा धावत निघाले, छातीशी घोंगडीचं गाठोडं, आणि गाठोडं चांगलं वळवळत होतं. पुढं ज्वारीचं रान. साहेबानं सांगितलं होतं की रानात शिरण्याआधी एकदा वळून बघा. आबा वळले आणि नेमकं तेव्हाच कोकरू आत मुतलं. पोटावर एकदम गरम लागलं म्हणून आबांना हसू फुटलं. साहेब जागेवर उडाला. “वा! काय हसला माणूस!” आम्ही कडेला उभे होतो, आम्हाला कारण माहीत होतं, हसून हसून आमची पोटं दुखली.

एकटी आई हसली नाही. घरी आल्यावर ओली घोंगडी वाळत घालताना म्हणाली, “भांडं उसनं द्यावं, खुरपं द्यावं. तोंड कुनाला उसनं देऊ नये.” आबा तिला भित्री म्हणाले. ती भित्रीच होती. पण भित्र्या माणसाचं नाक तिखट असतं.

सिनेमा आम्ही राजूरला, गणपतीच्या जत्रेतल्या तंबूत बघितला. सगळं गाव गाड्या जुंपून गेलं होतं. पडद्यावर कुणी ओळखीचं दिसलं की आरोळी उठायची. मग बारसं आलं, दरोडा आला, आणि पडद्यावर काळ्या तोंडाचा, पांढऱ्या दातांचा एवढा मोठा माणूस वळला आणि हसला. मागं बाळाचं रडणं घातलेलं होतं, खऱ्या बाळाचं. मला पोट दुखेस्तोवर हसलेली ती दुपार आठवत होती, तरी माझ्या अंगावर काटा आला. आमच्या गावचे लोक आबांकडं बोटं करून शिट्ट्या मारत होते. पण तंबूत बाहेरगावचेच जास्त होते, आणि ते एकदम गप्प झाले. शेजारच्या एका परक्या बाईनं मांडीवरचं पोर पदराखाली ओढून घेतलं. आबा आमच्या पुढंच बसले होते. तिनं त्यांच्या डोक्याकडं बघितलं, मग पडद्याकडं, मग पुन्हा डोक्याकडं. तिनं पोराला उचललं आणि ती उठून दुसरीकडं जाऊन बसली.

पुढची दोन-तीन वर्षं गणपतीत गावोगाव तोच सिनेमा. भाड्यानं व्हिडिओ आणायचे आणि चौकात टीव्ही मांडायचे. आपल्या जिल्ह्यातला सिनेमा म्हणून लोकांना त्याचं मोठं कौतुक. आबांना “काय दरोडेखोर, कुठं निघाले?” म्हणून हाका यायला लागल्या. आबा मिशीला पीळ द्यायचे, त्यांना ते आवडायचं. बाया पोरांना झोपवताना म्हणायच्या, “झोप, न्हाई तर घोंगडीवाला येईल.” आमच्याच गल्लीत, आमच्याच दारावरून जाताना म्हणायच्या. मी एकीला फाडकन विचारलं, “घोंगडीवाला म्हंजी कोन वं?” तर ती म्हणाली, “चेष्टा बी कळंना का तुला?”

मग चेष्टेची धार हळूहळू बदलली. आबा पाण्याला एखाद्या विहिरीवर गेले की खेळणारी पोरं घरात पळायची. एका वर्षी नेहमीच्या एका शेतकऱ्यानं निरोप धाडला की यंदा रासायनिक खत आणलंय, मेंढ्या नकोत. पुढल्या वर्षी दुसऱ्यानं. तिसऱ्याच्या रानात बसायला मिळालं, पण पहिल्यांदाच त्याचा गडी कुऱ्हाड घेऊन बांधावर रात्रभर बसून होता. सकाळी ज्वारी आली, पण शेतकऱ्याच्या बायकोनं ती गड्याच्या हाती पाठवली. आबांनी सूप घेतलं आणि कपाळाला लावलं. त्या दिवसापासून त्यांनी मिशी बारीक केली.

तेव्हा मी पंधरा-सोळाची असेन. शाळा सुटली होती आणि मी आई-आबांबरोबर कळपामागं हिंडत होते. त्या उन्हाळ्यात पोरं पळवणारी टोळी फिरत असल्याची आवई उठली. कुणाचं पोर गेलं ते कुणाला सांगता येत नव्हतं, नेहमी पलीकडच्या गावचं गेलेलं असायचं. पण गावोगाव जागल सुरू झाली. दिवस बुडाला की परक्या माणसाला वेशीत घ्यायचे नाहीत. चहाच्या टपरीवर आम्ही गेलो की बोलणं थांबायचं. आई रोज म्हणायची, मागं फिरू. आबा म्हणायचे, “मागं फिरून मेंढरांना काय माती चारू?” आम्ही कुंभार पिंपळगावच्या अलीकडं पोचलो होतो. जिथं ते घडलं त्या गावाचं नाव मी घेत नाही. तसं गाव कुठंही निघालं असतं.

त्या दिवशी कळप पुढं गेला आणि एक मेंढी वाटेत व्याली. आई कळपाबरोबर मुक्कामाला गेली, आबा आणि मी मागं थांबलो. कोकरू अशक्त होतं, उभं राहीना. आबांनी ते तोंडानं फुंकून कोरडं केलं, घोंगडीच्या झोळीत घातलं, छातीशी बांधलं. मी मेंढीला दावं लावलं. निघेपर्यंत दिवस कलला. मुक्कामाची वाट एका वस्तीवरून होती. मी म्हटलं, वळसा घालू. आबा म्हणाले, “वळसा घालून कोकरू टिकायचं न्हाई. जल्दी चल.”

वस्तीच्या पारावर माणसं बसली होती. दिवे लागणीची वेळ. कोकरू झोळीत रडायला लागलं. नव्या कोकराचं रडणं ज्यानं ऐकलंय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं ऐकलं नाही त्याला ते तान्ह्या पोराचंच वाटतं. बसलेले उठले. मी थोडी मागं होते, मेंढी ओढ खात होती. आम्ही किती मागं राहिलो हे बघायला आबा चालता चालता वळले.

एवढंच. नुसते वळले. आणि पारावरचा एक तरणा माणूस ओरडला, “आरं, हा तर त्योच! लेकरू पळवनारा!”

क्षणात गराडा पडला. “काय हाय आत?” “कोकरू हाय, मालक,” आबा म्हणाले. “दाखव मंग.” आणि आबांनी घोंगडीची मूठ आवळली.

मला आजही वाटतं, तिथं जाऊन ती मूठ आपण सोडवावी. एवढीशी गोष्ट होती. पण कोकरू त्या दिवशीचं होतं, वेळ तिन्हीसांजेची होती, आणि पुढ्यात वीस परक्या नजरा. आबा हात जोडल्यासारखं करून म्हणाले, “आता न्हाई दाखवता येत, मालक. सकाळी दाखवतो. हितंच बसतो मी रातभर, तुमच्या फुडं.” ते अगदी खरं बोलत होते. आमच्यातल्या कुणाही माणसाला ते पटलं असतं. त्या गर्दीत आमच्यातलं कुणी नव्हतं.

“दाखव! दाखव!” करत पहिली काठी खांद्यावर बसली. मी ओरडत होते, कोकरू हाय, ही बघा त्याची माय. मेंढी तर गळा फाडून ओरडत होती. कुणीतरी माझी वेणी धरली, “ही पोरगी बी टोळीतलीच हाय,” म्हणालं. आबा खाली बसले, मग पडले, आणि पडतानाही गाठोडं पोटाशी धरून, पाठ वर करून पडले. एकाही हातानं डोकं नाही झाकलं, दोन्ही हातांनी घोंगडी झाकली. जितकी घट्ट धरली तितके ते जास्त पेटले. मला वाटलं, झालं, आबा गेले.

शेवटी चौघांनी मिळून घोंगडी ओढली. कोकरू मातीत पडलं आणि कुणाच्या तरी पायाखाली आलं. काठ्या थांबल्या. मी दावं सोडलं होतं. मेंढी गर्दीतून वाट काढत आली, तिनं कोकराचा वास घेतला, पायानं त्याला उठवून बघितलं. ते उठलं नाही.

मग सगळे एकदम माणसं झाले. पाणी आलं, बाज आली. एक म्हातारी “अगं माय, काय झालं हे” म्हणत माझे केस सारखे करायला लागली, मी तिचा हात झटकला. आबांचा उजवा हात कोपरात भलतीकडंच वळला होता. जीपची सोय झाली. जीपमध्ये आबांचं डोकं मांडीवर घेऊन तोच तरणा माणूस बसला, ज्यानं पहिली आरोळी दिली होती. त्याचे डोळे भरले होते. बऱ्याच वेळानं त्यानं आबांना विचारलं, “त्या सिनेमात तुमीच होते ना?” आबांनी मान हलवली. तेव्हा त्या माणसाचा जीव हलका झालेला मला दिसला. तो म्हणाला, “मंग मी बराबर वळखलं.”

मला त्याचा गळा धरावासा वाटला. आजही वाटतो. पण जीप त्यांची होती आणि आबांचा श्वास अडकत होता.

हात जुळला, पण वाकडा जुळला. खांद्याच्या वर जाईना. वाकड्या हाताच्या धनगराला कळप आवरत नाही, आणि मेंढ्या बसवायला बोलावणारे तसेही उरले नव्हते. दोन पावसाळे काढून आबांनी सगळ्या मेंढ्या विकल्या. आम्ही भोकरदनला आलो, आई रोजानं जायला लागली आणि आबा एका कापसाच्या जिनिंगवर राखणदार झाले. दरोडेखोराला राखणीवर ठेवलं म्हणून तिथंही एकदा हशा झाला. आबा हसले नाहीत. मग तो विषय पुन्हा कुणी काढला नाही.

तो सिनेमा अजून टीव्हीवर लागतो, सणासुदीच्या दुपारी. माझं लग्न झालं, अंगणवाडीत नोकरी लागली, मुलगी झाली. ती चार वर्षांची असताना एका दिवाळीत आम्ही आबांकडं होतो. मी आत करंज्या तळत होते. ओळखीचं संगीत ऐकू आलं तशी मी हात पुसत बाहेर धावले, पण उशीर झाला होता. मुलगी आबांच्या मांडीवर बसून बघत होती आणि पडद्यावर तो माणूस वळून हसत होता. तिनं टीव्हीकडं बघितलं, मग मान वर करून आबांकडं. हळूच मांडीवरून उतरली.

“आबा, त्या बाळाचं तुम्ही काय केलं?” तिनं विचारलं.

“बाळ नव्हतं माय त्याच्यात,” आबा म्हणाले. “कोकरू होतं.”

“मग दाखवा.”

मी मध्ये पडणार होते, पण आबांनी डावा हात वर करून मला थांबवलं. बाहेर वाडा नव्हता, मेंढी नव्हती, जवळपास कुणाच्या दारात कोकरू बांधलेलं नव्हतं. आबांनी खांद्यावरची घोंगडी त्या वाकड्या हातानं काढली, झटकली, उलटी केली आणि तिच्यापुढं जमिनीवर पूर्ण पसरून ठेवली.

मुलगी वाकून बघत राहिली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आत काहीच नव्हतं. मग ती उठली आणि माझ्या पाठीमागं येऊन लपली.